आकडीने वाडगा कातणे: पायाचा लेथ, घरी घडवलेले हत्यार आणि ओले लाकूड

पायाने चालवायच्या लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, लाकूड ताकातल्या रवीसारखे फिरते. पावडी दाबली की दोन-तीन फेरे पुढे, पाय उचलला की तितकेच मागे. लाकूड कापले जाते ते फक्त पुढच्या फेऱ्यांत. जोर आणि वेग दोन्ही बेताचे असल्याने वाळून टणक झालेला ठोकळा या लेथला झेपत नाही. नुकत्याच तोडलेल्या, पाण्याने भरलेल्या लाकडातून मात्र लांबच लांब ओली ढलपी निघते. म्हणून इथे लेथ, लाकूड आणि हत्यार यांचा विचार एकत्र करावा लागतो. ठोकळा कोरडा असेल किंवा आकडीऐवजी (टोकाशी वळलेल्या धारेच्या हत्याराऐवजी) साधी पटाशी हातात असेल, तर लेथ कितीही चांगला बांधलेला असला तरी वाडगा होत नाही.

पहिल्या वाडग्यासाठी 18 ते 20 सेंमी व्यास आणि 7 सेंमी खोली हे माप घ्या. खालची सगळी मापे याच आकाराला धरून दिली आहेत.

लेथ

सुमारे 15 सेंमी रुंद, 5 सेंमी जाड आणि दीड मीटर लांब अशा दोन फळ्या उभ्या कडेवर समांतर बसवायच्या, मध्ये 5 सेंमी फट ठेवायची. फटीत दोन खांब उभे राहतात. त्यांचे खालचे बारीक केलेले टोक फळ्यांच्या खाली उतरते आणि तिथे आडवी पाचर मारून खांब आवळला जातो. पाचरीमुळे खांब क्षणात सरकवता येतो, आणि घाव बसला की सैल होण्याऐवजी आणखी घट्ट बसतो. दोन्ही खांबांवर समोरासमोर लोखंडी सेंटर, म्हणजे लाकूड दोन्हीकडून धरणारी टोके, असतात. 16 मिमीच्या बोल्टचे टोक सुमारे 60 अंशांच्या कोनात घासले की सेंटर तयार होते. एक सेंटर पक्के ठेवायचे. दुसऱ्यासाठी खांबात नट ठोकून बसवायचा, म्हणजे बोल्ट फिरवून दाब कमी-जास्त करता येतो. सेंटरची उंची फळ्यांपासून 20 सेंमी आणि जमिनीपासून साधारण कोपराइतकी असावी. लेथ हलका वाटला तर खालच्या पायांवर दगड किंवा वाळूची पोती टाका. लेथ हलत असेल तर धारेला दोष देण्यात अर्थ नाही.

वरची स्प्रिंग म्हणून तीन-साडेतीन मीटरचा लवचीक बांबू चालतो: जाड टोक पक्के बांधायचे, बारीक टोक लेथच्या वर येऊ द्यायचे. जागा कमी असेल तर दोन उंच खांबांमध्ये सायकलच्या जुन्या ट्यूब ताणून बांधा आणि त्यांच्या मधोमध दोर अडकवा. पाय उचलताच पावडी झटकन वर आली पाहिजे, पण ती दाबायला अंगाचे सगळे वजन टाकावे लागता कामा नये. ताण जास्त ठेवण्याची चूक बहुतेक जण करतात आणि अर्ध्या तासात पोटरी भरून येते.

दोर 5 ते 6 मिमी जाडीचा, विणलेला, पॉलिएस्टरचा घ्या. नायलॉन फार ताणतो आणि पायाचा जोर त्या ताणातच विरतो.

आता रूळ. लाकूड फिरवतो तो हा तुकडा. वाळलेल्या टणक लाकडाचा, 5 सेंमी व्यासाचा आणि 22 सेंमी लांबीचा रूळ याच लेथवर कातून घ्या; इतका बारीक तुकडा वाळलेला असला तरी झेपतो आणि सरावही होतो. दोर जिथे गुंडाळायचा तो भाग डमरूच्या कमरेसारखा किंचित खोलगट ठेवा, म्हणजे दोर आपोआप मध्ये राहतो. एका टोकाला मध्यभागी सेंटरसाठी खळगा करा. दुसऱ्या टोकाला साडेतीन सेंमीच्या वर्तुळात 5 मिमीचे चार खिळे ठोकून त्यांची डोकी कापा आणि 12 ते 15 मिमी बाहेर राहिलेली टोके कानशीने टोकदार करा. रूळ आखूड केला तर वाडगा आतून कोरताना आकडीचा दांडा दोराला घासतो, म्हणून लांबीत कंजुषी नको. बारीकही करू नका. पावडी 45 सेंमी खाली गेली की 5 सेंमीचा रूळ जेमतेम तीन फेरे घेतो. रूळ बारीक असेल तर फेरे वाढतात, पण जोर कमी पडतो आणि 20 सेंमीचा ओला ठोकळा जागच्या जागी अडतो.

दोराचे दोन-अडीच वेढे पुरतात. दोर वरून येऊन रुळाभोवती फिरावा आणि तुमच्याकडच्या बाजूने पावडीकडे उतरावा. पावडी दाबल्यावर लाकडाची समोरची बाजू खाली येत असेल तर वेढा बरोबर आहे. वर जात असेल तर उलटा गुंडाळला आहे.

आकडी घडवणे

साधी पटाशी वाडग्याच्या आत वळू शकत नाही. खोल भागात टेकूपासून (हत्यार ज्यावर टेकवून धरतात त्या आडव्या आधारापासून) धारेपर्यंतचे अंतर वाढते आणि तिरपी धरलेली पटाशी लाकडात घुसते. आकडीत धारच वळलेली असते, त्यामुळे दांडा सरळ आत जातो आणि टोकाचा वेढा भिंतीवरून सरकत साल काढावी तसे लाकूड सोलतो.

पोलाद म्हणून जुन्या गाडीची 10 ते 12 मिमी जाडीची कॉइल स्प्रिंग उत्तम. प्रत माहीत असलेले पोलाद हवे असेल तर ओ1 टूल स्टीलची सळई घ्या. स्प्रिंगवर बारीक भेगा दिसल्या तर तो तुकडा टाकून द्या, कारण भेग भट्टीत बुजत नाही, वाढते. जस्ताचा मुलामा असलेले लोखंड भट्टीत घालू नका, त्याची वाफ विषारी असते. आणि जुनी कानस जशीच्या तशी घासून लेथचे हत्यार करण्याचा मोह टाळा. कानशीचे पोलाद काचेसारखे ठिसूळ असते. टेकूवर हिसका बसला की ती मधूनच तुटते आणि तुकडा तोंडाच्या दिशेने येतो.

भट्टीला विटांचा आळा, लाकडी कोळसा आणि लोखंडी नळीतून वारा देणारा हेअर ड्रायर एवढे पुरते. काम सावलीत करा, उन्हात रंग ओळखू येत नाही.

सळईचा 40 सेंमीचा सरळ तुकडा घ्या. शेवटचे 8 सेंमी नारिंगी होईपर्यंत तापवा आणि ऐरणीवर ठोकून 10 मिमी रुंद, मुळाशी 4 मिमी आणि टोकाकडे 2.5 मिमी जाड अशी पट्टी काढा. रंग मंद लाल झाला की हात थांबवा आणि पुन्हा तापवा. थंडावलेल्या पोलादावर ठोकले तर कडेला केसासारख्या चिरा पडतात, त्या धार लावेपर्यंत दिसत नाहीत. पट्टी राखेत पुरून सावकाश थंड होऊ द्या, म्हणजे ती कानशीला वश होते. मग तिच्या एका लांब कडेला सुमारे 30 अंशांचा उतार काढा. हा उतार वाकवल्यावर आकडीच्या बाहेरच्या अंगाला येईल अशा तोंडावर हवा. धार आत्ताच पातळ करू नका, कड 1 मिमी जाड राहू द्या. पातळ कड भट्टीत जळते.

पुन्हा तापवून पट्टी रुंद अंगावर वळवायची: 18 मिमीची सळई व्हाइसमध्ये धरा आणि पट्टी तिच्याभोवती हलक्या हातोडीने बसवत न्या. अर्ध्या वर्तुळाच्या पुढे जाऊन टोक दांड्याकडे परत वळले पाहिजे, पण 7-8 मिमीची फट उघडी ठेवा. ढलपी त्या फटीतून बाहेर पडते. फट बुजली की ओला भुसा आत कोंबला जातो आणि आकडी कापायची थांबते.

पाणी द्यायच्या, म्हणजे तापवून एकदम थंड करून पोलाद कडक करायच्या, आधी आकडी तीन वेळा लाल करून हवेत निवू द्या, म्हणजे ठोकण्याने आलेला ताण निघतो. नंतर फक्त शेवटचे 3 सेंमी तापवा. दोऱ्याला बांधलेला चुंबक जवळ नेऊन पाहा. तो चिकटायचा बंद झाला की रंग आणखी एक छटा उजळू द्या आणि आकडी उभी, सरळ तेलात बुडवा. तेल कोणतेही खाद्यतेल, दीड लिटर, 50 ते 60 अंश सेल्सिअसला कोमट केलेले, झाकण असलेल्या लोखंडी डब्यात. प्लॅस्टिकचा डबा चालणार नाही. तेलाने पेट घेतला तर झाकण ठेवायचे, पाणी ओतायचे नाही. आकडी तेलात आडवी हलवू नका, ती वाकडी होते. बाहेर काढून कानस फिरवा. कानस न चावता घसरली तर पाणी बसले.

या अवस्थेत आकडी हातातून पडली तरी मोडते, म्हणून तिचा ठिसूळपणा लगेच उतरवायचा. पॉलिश पेपरने ती चकचकीत करा आणि दांड्याच्या बाजूला, आकडीपासून 4-5 सेंमी मागे, गॅस टॉर्चची ज्योत धरा. उष्णता पुढे सरकते तसे पोलादावर रंग धावतात: आधी फिकट पिवळा, मग गव्हाळ, मग तपकिरी, जांभळा, निळा. धारेवर गव्हाळ संपून तपकिरी सुरू झाला की पाण्यात बुडवा. तोपर्यंत मागचा दांडा निळा झालेला असतो आणि तेच हवे आहे: धार कडक, दांडा स्प्रिंगसारखा. ओव्हन असेल तर 230 अंशांवर एकेक तास दोनदा ठेवा. वापरताना धारेचे दाणे उडू लागले तर रंग थोडा पुढे न्यायला हवा होता. आकडी उघडू लागली तर पाणीच नीट बसलेले नाही, पुन्हा तापवून सुरुवात करा.

दांड्याला 45 सेंमीची मूठ बसवा. सळई मुठीत किमान 8 सेंमी आत जावी आणि मुठीच्या तोंडाशी पाइपचे कडे असावे, नाहीतर लाकूड फाटते. एकूण लांबी 75 सेंमीच्या आसपास झाली की मूठ काखेत दाबून धरता येते. हिसका मनगटाने नाही, अंगाने झेलायचा असतो.

धार लावताना बाहेरचा उतार सपाट पट्टीवर चिकटवलेल्या 400 आणि मग 1000 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, आतला बूर (धारेवर उठलेला पोलादाचा पातळ पापुद्रा) गोल काडीला गुंडाळलेल्या पेपरने काढा. ओल्या लाकडावर, तंतूंच्या रेषेला आडवी, हाताने ओढून पाहा. मागे चकाकी राहिली तर धार लागली. पांढुरके, केसाळ लाकूड राहिले तर परत घासा. एका वाडग्यात चार-पाच वेळा धार लावावी लागते.

अशा दोन आकड्या करा. पहिली वरच्या मापाची. दुसरीचा वेढा 25 मिमीचा आणि दांडा शेवटच्या 10 सेंमीत किंचित बाकदार, ती तळ साफ करायला लागते.

ठोकळा

लाकूड मध्यम टणक आणि बारीक पोताचे असावे. आंबा, शिवण, हळदू, मेपल, बीच, बर्च ही लाकडे या कामाला चांगली. कण्हेर आणि बिब्बा खाण्याच्या भांड्यासाठी कधीही नको. आंब्याच्या चिकाने काहींच्या अंगाला खाज सुटते, तेवढी काळजी घ्या.

25 सेंमी जाडीचे खोड 24 सेंमी लांबीत कापा आणि पाचरी मारून बरोबर मध्यातून दोन फाका करा. खोडाचा केंद्रबिंदू वाडग्यात राहिला तर वाळताना तिथूनच भेग निघते, हमखास. म्हणून फाकेच्या सपाट तोंडावरून दीड-दोन सेंमी तासून काढा. हे तोंड वाडग्याचा काठ होईल आणि सालीची बाजू तळ.

सपाट तोंडावर कंपासने वर्तुळ काढा, कोपरे करवतीने उतरवा आणि मग सव्वा किलोच्या कुऱ्हाडीने कडा गोल करा. सालीची बाजू उपड्या वाटीसारखी तासा. इथे घेतलेली दहा मिनिटे लेथवरचा तासभर वाचवतात, कारण ओबडधोबड ठोकळा प्रत्येक फेऱ्याला टेकूवर आपटतो.

रूळ सपाट तोंडाच्या मधोमध ठेवून लाकडी मोगरीने ठोका, खिळे पूर्ण आत जाऊ द्या. ठोकळा लेथवर चढवताना तळ उजवीकडे, रूळ डावीकडे. दोर रुळाच्या डाव्या अर्ध्यात. सेंटरना तेल किंवा मेण लावा, कोरडे सेंटर करकरते आणि लाकूड जाळते. सेंटर इतके आवळा की ठोकळा हाताने सहज फिरेल पण पुढे-मागे हलणार नाही. तासाभरात ओले लाकूड दबते, तेव्हा पुन्हा आवळायचे.

बाहेरची बाजू

टेकू ठोकळ्यापासून 1 सेंमीवर आणि सेंटरपेक्षा किंचित खाली ठेवा. हाताने एक पूर्ण फेरा फिरवून काही आपटत नाही ना पाहा. आता आकडीचा उतार लाकडाला टेकवा, धार अजून लागलेली नसावी. पावडी दाबत राहा आणि मूठ हळूच उचलत धार खाली आणा. ढलपी सुटायला लागते तोच तुमचा कोन. उताराचा आधार सोडून नुसती धार पुढे केली की हत्यार लाकडात रुतते आणि हिसका बसतो. पाय उचलल्यावर हत्यार केसभर मागे घ्या. तसे न केले तर उलट्या फेऱ्यात लाकूड धारेला मागून घासते आणि ती बोथट होते. दोन-तीन तासांत हे मागे घेणे अंगवळणी पडते.

दिशा महत्त्वाची: बाहेरून कापताना तळाकडून काठाकडे, म्हणजे लहान व्यासाकडून मोठ्याकडे. तसे कापले की प्रत्येक तंतूला पलीकडच्या तंतूंचा आधार असतो. उलटे गेले तर वर्तुळात समोरासमोर दोन ठिकाणी, जिथे रेषांची टोके बाहेर येतात, लाकूड उपसले जाते आणि तो खडबडीतपणा नंतर कितीही घासला तरी जात नाही.

तळाला 7 सेंमी व्यासाची बैठक काढा आणि तिच्या मधोमध सेंटरभोवती अडीच सेंमी जाड, 1 सेंमी उंच गाठ ठेवा. शेवटी ही गाठ तासून टाकायची, म्हणजे सेंटरचा खड्डा तिच्याबरोबर जातो.

आतली बाजू

टेकू डावीकडे, काठाच्या तोंडासमोर आणा. काठापासून आत 1 सेंमी सोडून खाच पाडायला सुरुवात करा आणि काठाकडून मध्याकडे कापत या. रूळ जोडलेला आहे तो मधला खुंट शाबूत ठेवायचा: वर 6 सेंमी, खाली निमुळता होत 3 सेंमी. खाचेला रुंदी द्या, दर 1 सेंमी खोलीमागे ती बाजूने मोकळी करा. अरुंद खाचेत आकडीचा दांडा काठ आणि खुंट यांच्यात अडकतो आणि बहुतेक फुटके काठ अशाच वेळी होतात.

आधी काठ आणि वरची 3 सेंमी भिंत अंतिम जाडीला आणा, मगच खाली उतरा. तळ पोकळ झाल्यावर काठ लवचीक होतो आणि त्यावर परत गेलात तर थरथरून लाटा उमटतात. काठाला 7-8 मिमी, खाली येताना 10 मिमी, तळाला 12 मिमी ही जाडी ठेवा. भिंत जाड तारेच्या कॅलिपरने मोजा. तळासाठी काठावर आडवी पट्टी ठेवून आतली खोली घ्या आणि बाहेरच्या उंचीतून वजा करा. बोटाच्या पेराने भिंत वाजवत गेलात तरी जाड-पातळ कळते: जाड भाग ठस्स वाजतो.

शेवटी बाकदार आकडीने तळ साफ करत खुंट 2 सेंमीपर्यंत बारीक करा. त्याखाली गेलात तर तो फिरतानाच पिळवटून तुटतो. वाडगा उतरवा, खुंटाच्या बुडाशी रेषेच्या दिशेने, म्हणजे रेषांची टोके दिसतात त्या दोन्ही बाजूंनी, पटाशी घालून हलके ठोका. खुंट तंतूंच्या थरावर सुटतो. कधी कधी तो तळातले एक-दोन मिमी घेऊन येतो, म्हणून तिथे तेवढा जास्तीचा माल ठेवावा. राहिलेला उंचवटा वाकड्या चाकूने आणि बाहेरची गाठ पटाशीने काढा.

खुंट रुंद ठेवला तर त्यातून दुसरा, लहान वाडगा निघतो. इंग्लंडमध्ये बकलबरी कॉमन येथे जॉर्ज लेली (1869–1958) या कारागिराने एल्मच्या एकेका ठोकळ्यातून असे एकात एक बसणारे वाडगे आयुष्यभर काढले. त्यांचा लेथ आणि हत्यारे रेडिंगच्या म्युझियम ऑफ इंग्लिश रूरल लाइफमध्ये जपलेली आहेत. त्यासाठी आकडीचा दांडाच वाडग्याच्या गोलाईइतका वाकवावा लागतो. पहिले आठ-दहा वाडगे झाल्यावर या वाटेला जावे.

काम मध्येच थांबवायचे असेल तर वाडगा लेथवर उघडा ठेवू नका. ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. रात्रभरात काठ वाळला की सकाळी तो गोल राहिलेला नसतो.

मोटरच्या लेथवर हीच आकडी वापरायची असेल तर 20 सेंमीच्या ठोकळ्याला मिनिटाला 500 फेऱ्यांच्या वर जाऊ नका, चेहऱ्यावर पूर्ण ढाल लावा आणि रुळाऐवजी फेसप्लेट (ठोकळा स्क्रूने पक्का धरणारी लोखंडी चकती) वापरा. तिथे चुकीला पाय थांबवण्याची सोय नसते, हिसका संपूर्ण हातावर येतो. आकडी आधी पायाच्या लेथवर शिकणे बरे.

वाळवणे आणि तेल

वाडगा स्वतःच्याच ढलप्यांसह कागदी पिशवीत घालून सावलीत ठेवा. उन्हात किंवा पंख्याखाली नाही: बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओला राहतो आणि काठाला चीर जाते. दोन दिवसांनी वजन करत जा. वजन उतरायचे थांबले की वाडगा वाळला, साधारण दोन ते तीन आठवडे. वाळल्यावर तो लंबगोल होणारच. लाकूड रेषेच्या आडवे आकसते, रेषेच्या दिशेने जवळजवळ नाही, त्यामुळे 20 सेंमीच्या वाडग्याचा एक व्यास सुमारे 1 सेंमीने कमी भरतो. ही खोट नव्हे, भिंत सगळीकडे सारखी असेल तर वाडगा न फुटता असा वळतो. फुटतो तो जिथे तळ जाड आणि काठ पातळ राहिला आहे तो. बैठक डगमगत असेल तर वाळल्यावर सपाट फरशीवर पॉलिश पेपर ठेवून घासून घ्या.

तेल वाळणारे हवे: कच्चे जवस, अक्रोड किंवा टंग तेल. शेंगदाण्याचे तेल वाळत नाही, महिन्याभरात खवट वास मारते. रंगाच्या दुकानातले उकळलेले जवस तेल खाण्याच्या भांड्याला लावू नका, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूची संयुगे मिसळलेली असतात. पहिला हात सढळ लावा, अर्ध्या तासाने वरचे पुसून घ्या, आठवड्याने दुसरा हात, आणखी आठवड्याने तिसरा. मग महिनाभर वाडगा वापरू नका. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. जवसाचे तेल वाळताना तापते आणि गोळा केलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. फडकी दोरीवर पसरून वाळवा, मगच टाका.